सिगारेट, लायटर आणि त्यांवरच्या करामती: प्रदर्शनासाठी कापायचं काय, मांडायचं कसं?

वस्तुरचना_टेबल४

वस्तुरचनेच्या प्रदर्शनात एक टेबल सिगारेट आणि तिच्या सरंजामासाठी राखलंय. मुद्दा असा: मुळात वस्तू म्हणजे कागदात गुंडाळलेला तंबाखू. नवीन काहीतरी दिसावं म्हणून तिच्यावर काय काय चढवलं गेलं, आणि त्यातलं किती खरोखर काम करतं?

हाताशी आहे ते असं. फिल्टरमध्ये फुटणारी कॅप्सूल असलेल्या सिगारेटी, रंगीत कागदाच्या आणि सोनेरी टोकाच्या, सुपरस्लिम, कोळशाच्या फिल्टरच्या, आत पोकळी असलेल्या फिल्टरच्या. केंट या ब्रँडचं एक जुनं न फोडलेलं पाकीट. सिगारेट होल्डर चार-पाच. लायटरांत पिस्तुलाच्या आकाराचा, लिपस्टिकसारखा, जेट ज्वालेचा, चार्जिंगचा. दांडा दाबला की गरगर फिरणारा अ‍ॅशट्रे. आणि 'फुटणाऱ्या' चेष्टेच्या सिगारेटींची एक डबी.

प्रश्न: आतली रचना दिसेल असं कापायचं कसं (दोनदा प्रयत्न केला, सगळा भुगा)? कुठली करामत धुरावर परिणाम करते आणि कुठली नुसती डोळ्यांसाठी? लायटर मांडण्याआधी काय करावं? आणि कशाला हात लावू नये?

कागद_लगदा

भुगा होतो कारण सगळे जण आडवं कापतात. सिगारेट आडवी कापली की कागदाचा ताण सुटतो आणि तंबाखू दोन्हीकडून सांडतो. उभी खिडकी कापा. लाकडाच्या पट्टीत व्ही आकाराची खाच पाडा, तीत सिगारेट बसवा आणि कागदाची चिकटवलेली शिवण शोधा (प्रकाशात तिरकी धरली की दिसते). शिवणीच्या विरुद्ध बाजूला ३०-४० मिमी लांब, ४ मिमी रुंद पट्टी नव्या ब्लेडने काढा. ब्लेड बोथट झालं की कागद ओढला जातो, तेव्हा तीन-चार कापांनंतर बदला. उघडा पडलेला तंबाखू बसवायला पाण्यातला पांढरा गोंद वापरू नका. ओलाव्याने तपकिरी रस सुटतो आणि कागदावर डाग पसरतो. चित्रकारांचा फिक्सेटिव्ह स्प्रे लांबून दोन हलके हात मारला की पुरे.

फिल्टरची रचना बाहेरून आत अशी असते: टिपिंग पेपर (हाच फिल्टरला तंबाखूच्या कांडीशी जोडतो), त्याखाली प्लग रॅप, आणि आत सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे हजारो बारीक तंतू. हा कापूस नव्हे. तंतूंवर ट्रायअ‍ॅसिटिन मारून ते एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून फिल्टर ताठ राहतो आणि कापला तरी विस्कटत नाही.

कॅप्सूलवाली कापताना खोली सांभाळा. नेहमीच्या सिगारेटचा व्यास सुमारे ७.८ मिमी आणि कॅप्सूल साधारण ३.५ मिमी, म्हणजे वरून जेमतेम दोन मिमी तंतू. ब्लेड दीड मिमीच्या पुढे जाऊ देऊ नका. पुढचे तंतू चिमट्याने दोन्ही बाजूंना फाकवा. सुपरस्लिमचा व्यास ५.४ मिमीच्या आसपास, तिथे एक मिमीसुद्धा जास्त होतो. कॅप्सूल लांबीच्या मधोमध असेलच असं नाही. आधी बोटात हलकेच फिरवून गाठ कुठे लागते ते बघून पेन्सिलने खूण करा. फुटली तर त्यातलं मेन्थॉल मिसळलेलं तेल टिपिंग पेपरवर पारदर्शक डाग पाडतं आणि तो निघत नाही.

कॅप्सूलमुळे काय बदलतं? चव आणि घशातला गारवा. धुरातलं टार (चिकट तपकिरी कण), निकोटीन, कार्बन मोनॉक्साइड तेवढंच राहतं. मेन्थॉलने घशाची जळजळ जाणवत नाही, म्हणून नवख्याला झुरका सहज ओढता येतो. धंद्याच्या दृष्टीने तोच तिचा उपयोग. वर 'टक्' आवाज आणि 'आता फोडू की नंतर' हा खेळ. जपानमध्ये २००७ च्या सुमारास आणि अमेरिकेत २००८ साली कॅमल क्रशच्या रूपाने ही आली. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने फिल्टरमधल्या अशा कॅप्सूलवर बंदी आणली आणि मेन्थॉलची मुदत २० मे २०२० ला संपली. लगेच मेन्थॉल चोपडलेली पुठ्ठ्याची कार्डं वेगळी विकायला आली, पाकिटात सरकवून ठेवायची. हे कार्ड मिळालं तर कॅप्सूलच्या शेजारीच ठेवा. फक्त दोन्ही हवाबंद पिशवीत, कारण मेन्थॉल उडतं आणि टेबलावरच्या सगळ्या कागदात मुरतं.

रंगीत कागद, सोनेरी टोक: निव्वळ डोळ्यांसाठी. सोब्रानी कॉकटेलचे फिके रंग आणि ब्लॅक रशियनचा काळा कागद ही ठळक उदाहरणं. १९७१ च्या 'ईव्ह'च्या टिपिंगवर फुलं छापलेली असत. मार्लबोरो जेव्हा बायकांची सिगारेट म्हणून विकली जायची, तेव्हा तिचं लाल टोक लिपस्टिकचा डाग लपवायला होतं. ही मात्र मला प्रामाणिक करामत वाटते, जे सांगितलं तेवढंच करणारी. हे रंग उजेडात उडतात. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नको.

फिल्टरवरच्या कागदावर छापलेल्या बुचासारख्या नक्षीबद्दल एक खुलासा, कारण लेबलं लिहिताना इथे चूक होतेच. जुन्या पाकिटांवर 'कॉर्क टिप' असेल तर त्याचा अर्थ फिल्टर असा नाही. ओठाला कागद चिकटू नये म्हणून टोकाला बुचाचा पातळ पापुद्रा लावत, आत तंबाखूच. पुढे फिल्टर आले, खरा बुच गेला, आणि छापलेले पिवळे ठिपके राहिले ते आजतागायत.

बाक_क्रमांक_७

वरचं सगळं ठीक, पण तुमच्या टेबलावरची सर्वांत मोठी करामत डोळ्यांना दिसतच नाही. टिपिंग पेपरवरची भोकं. तोंडाकडच्या टोकापासून साधारण ११ ते १५ मिमीवर लेझरने किंवा सुयांनी पाडलेली एक किंवा अधिक रांगा. झुरक्याबरोबर यातून बाहेरची हवा आत येते आणि धूर पातळ होतो.

मेख मोजणीत आहे. पाकिटावरचा टारचा आकडा सिगारेट ओढणाऱ्या यंत्रावर काढत. त्याची जुनी प्रमाण पद्धत अशी: ३५ मिली झुरका, दोन सेकंदांचा, मिनिटाला एक. यंत्राची पकड अगदी टोकाला असते, भोकं उघडी राहतात, आकडा कमी येतो. माणसाचे ओठ आणि बोटं नेमकी तिथंच पडतात. शिवाय निकोटीन कमी पडलं की माणूस जोरात आणि जास्त वेळा ओढतो. म्हणून कॅनडाने कडक पद्धत आणली: ५५ मिली, दर ३० सेकंदांनी, भोकं पूर्ण बंद. त्याच सिगारेटचे दोन्ही आकडे शेजारी मांडले की 'लाइट' हा शब्द कुठून आला ते वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये जुन्या यंत्र-पद्धतीच्या आकड्यांना दिलेला आधार काढून घेतला आणि २०१० पासून तिथे 'लाइट', 'माइल्ड' हे शब्द पाकिटावर चालत नाहीत.

भोकं दाखवण्यासाठी धूर लागत नाही. टिपिंग पेपर सोलून प्रकाशपेटीवर ठेवा, दहापट भिंग द्या. कागद सोलताना गोंदाची पट्टी फाटते, म्हणून आधी शिवणीवर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा अर्धा मिनिट. हात घालून बघायचा प्रयोग हवा असेल तर असा करा. फिल्टर कांडीपासून वेगळा करा, तंबाखूकडचं तोंड चिकणमातीने घट्ट बुजवा. दुसऱ्या टोकाला घट्ट बसेल अशी मऊ नळी आणि तिला ५० मिलीची इंजेक्शनची सिरिंज. दट्ट्या ओढा: सहज येतो, म्हणजे हवा भोकांतून येतेय. आता भोकांवरून चिकटपट्टी गुंडाळा आणि पुन्हा ओढा: दट्ट्या अडतो. बघणाऱ्याच्या हाताला फरक लगेच कळतो. नळी भोकांवर चढता कामा नये, ७-८ मिमीच आत सरकवा. बहुतेक वेळा फसतं ते इथंच.

पाण्यात बुडवून उलटी हवा ढकलली तर बुडबुड्यांचं कडं दिसतं. फोटोला छान, पण काही सेकंदांतच प्लग रॅप भिजतो आणि फिल्टर मऊ पडतो. एक फिल्टर एकदाच.

यातलं अतिशहाणं उदाहरण म्हणजे १९८० ची 'बार्कले'. भोकांऐवजी फिल्टरच्या बाजूने चार उभ्या खाचा. हवा त्यांतून धुराशेजारून थेट तोंडात. यंत्रावर ९९ टक्के टारमुक्त अशी जाहिरात. माणसाच्या ओठात त्या खाचा दबून बंद व्हायच्या. फेडरल ट्रेड कमिशनने हे आकडे अमान्य केले आणि प्रकरण कोर्टात गेलं. छेद काढून मांडण्यासारखी हिच्याइतकी दुसरी नाही, मिळाली तर.

'कमी टार म्हणजे कमी धोका' हा समज अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या २००१ च्या अहवालाने खोडला आहे. लेबलवर एवढी ओळ असू द्या.

कोळशाच्या फिल्टरबाबत: कोळसा वायुरूपातले काही पदार्थ धरतो, टारचे कण नाही. म्हणजे काही काम करतो, पण पाकिटावरून वाटतं तेवढं नाही. कापताना खाली पांढरा कागद ठेवा, काळे दाणे गळतात. पोकळी असलेला फिल्टर (पार्लमेंट हे ओळखीचं नाव) डागाळलेलं टोक जिभेपासून लांब ठेवतो, बाकी काही नाही. रशियन पापिरोसाची पोकळ पुठ्ठ्याची नळी वरवर तशीच दिसते, पण तिच्यात फिल्टरच नसतो; नळी दोन ठिकाणी काटकोनात चिमटायची आणि ओढायची.

फिल्टर पिवळा-तपकिरी होतो तोही दाखवा. आर. जे. रेनॉल्ड्सचे रसायनशास्त्रज्ञ क्लॉड टीग यांनी १९५३ मध्येच सुचवलं होतं की धुराने रंग बदलणारा पदार्थ फिल्टरमध्ये घालावा. गाळण्यात फरक पडणार नाही, पण गिऱ्हाइकाला फिल्टर काम करतोय असं वाटेल.

राहिला कागदावरचा पट्टा. कांडीचा कागद सोलून प्रकाशपेटीवर ठेवला तर ६-७ मिमी रुंदीचे दोन-तीन गडद पट्टे दिसतील. तिथे कागदाची सच्छिद्रता कमी केलेली असते, म्हणजे सिगारेट न ओढता पडून राहिली तर विस्तव त्या पट्ट्याशी हवेअभावी विझावा. न्यूयॉर्क राज्याने २००४ मध्ये आणि युरोपीय संघाने नोव्हेंबर २०११ मध्ये हे सक्तीचं केलं. अमेरिकी चाचणीत गाळण कागदाच्या दहा थरांवर ४० सिगारेटी जळत्या ठेवतात. त्यातल्या पूर्ण जळणाऱ्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. म्हणजे चाळिसांतल्या दहा पूर्ण जळल्या तरी पास. 'आगीपासून सुरक्षित' असं लेबल लिहू नका.

खडा_आणि_वात

लायटरांबद्दल. मांडण्याआधी सगळ्यांतलं इंधन बाहेर, यात तडजोड नाही.

पेट्रोलचा, झिप्पो जातीचा: आतला डबा ओढून काढा, तळाचं फेल्ट उचला, कापसाचे गोळे चिमट्याने बाहेर काढून उघड्यावर दिवसभर वाळवा. शेजारचा स्क्रू खड्याचा (ठिणगी पाडणारा तुकडा). स्प्रिंग ताणलेली असते, उडते, म्हणून स्क्रूवर अंगठा ठेवून हळूहळू सोडा. खडा आत ठेवून वर्षानुवर्षं ठेवलेल्या लायटरांचं दुखणं एकच. खडा हा फेरोसेरियमचा मिश्रधातू (कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १९०३ मध्ये काढलेला). दमट हवेत त्याची राखाडी भुकटी होते, फुगते आणि नळीत सिमेंटसारखी बसते. ती काढायला २.४ मिमीचं ड्रिल हातानेच फिरवा, डोळ्यांवर चष्मा हवाच. विजेवरचं यंत्र लावलं तर त्या भुकटीतून ठिणग्या उडतात, आणि कापसात पेट्रोलचा अंश उरलेला असतो.

ब्यूटेनचा, भरता येणारा: उघड्यावर, आसपास विस्तव नाही हे बघून, भरायची झडप वर येईल असा लायटर उलटा धरा आणि बारीक पितळी स्क्रूड्रायव्हरने झडप दाबा. झडप वर असेल तर वायू निघतो. खाली धरली तर द्रव उडतो आणि बोट गोठवतो. थोड्या वेळात टाकी इतकी थंड पडते की फुसफुस थांबते. रिकामी झाली असं समजू नका. दहा मिनिटं थांबून पुन्हा दाबा, दोन-तीनदा. भरता न येणारे कापू किंवा भोसकू नका. ते कमीत कमी ठेवा आणि गरम दिव्याखाली किंवा उन्हात नको. ५० अंश सेल्सियसच्या वर नेऊ नये असं त्यांच्यावरच लिहिलेलं असतं, आणि बंद काचपेटीत हॅलोजन दिवा सहज तिथवर जातो.

जेट ज्वालेत वायू तोंडाशी येण्याआधीच हवा ओढून घेतो, म्हणून पिवळी ज्योत नाही आणि वाऱ्यात विझत नाही. ठिणगी पिझो स्फटिकाची: कळ दाबली की छोटा हातोडा स्फटिकावर आदळतो आणि काही हजार व्होल्ट निर्माण होतात. टिक वाजतं पण पेटत नाही, तर स्फटिक बहुधा ठीक असतो. तोटीचं बारीक भोक अशुद्ध ब्यूटेनच्या चिकट अंशाने बुजलेलं असतं. या प्रकाराची ही नेहमीची रड. छेदचित्र करायचं तर पिझोचा भाग अख्खा बाहेर काढा, त्यात इंधन नसतं. वेगळा मांडला की लोकांना दाबूनही बघता येतो. फक्त तारेच्या टोकाला बोट लावू नका, चटका बसतो.

चार्जिंगच्या लायटरमध्ये लिथियम सेल असतो. निम्म्या चार्जवर ठेवा, कळ चिकटपट्टीने बंद करा. कवच फुगलेलं दिसलं तर तो टेबलावर नकोच.

पिस्तुलाच्या आकाराचे लायटर जुने आहेत, रॉन्सनचा पिस्ट-ओ-लायटर १९१० चा. त्यात घोडा ओढला की दातेरी पट्टी खड्यावर घासते. एका कळीत ठिणगी आणि ज्योत दोन्ही, हा टप्पा त्याच कंपनीच्या १९२६ च्या 'बॅंजो'चा. पिस्तूल काचेआड आणि लेबलसहित ठेवा, उघड्यावर नको.

खेळण्यासारखे दिसणारे, गाणी वाजवणारे, दिवे लुकलुकणारे लायटर असतील तर त्यांचं लेबल वेगळं करा. युरोपीय संघाने २००६ च्या निर्णयाने असे लायटर बाजारातून हटवले आणि बाकीच्यांतल्या बहुतेकांना बालसुरक्षित कळ सक्तीची केली. निकष असा: ५१ महिन्यांखालच्या मुलांच्या चाचणीत किमान ८५ टक्के मुलांना लायटर पेटवता येऊ नये. अमेरिकेत १९९४ पासून याच धर्तीचा नियम आहे. कार्टूनच्या आकाराचा लायटर मोठ्यांना गंमत वाटतो, लहान मूल तो खेळणं म्हणूनच उचलतं.

वस्तुरचना_टेबल४

खूपच उपयोगी. सिरिंजचा प्रयोग नक्की. केंट, होल्डर आणि फुटणाऱ्या डबीबद्दल कोणी सांगेल का? केंटचा फिल्टर कापून मांडायचा विचार होता.

जतनकक्ष

केंट कापू नका. पाकीट उघडूही नका, वाकवू नका. १९५२ ते १९५६ या काळातल्या केंटच्या 'मायक्रोनाइट' फिल्टरमध्ये क्रोसिडोलाइट, म्हणजे निळा अ‍ॅस्बेस्टॉस होता (फुफ्फुसांना घातक तंतुमय खनिज). त्या काळी ही सुरक्षिततेची नवलाई म्हणून विकली गेली. पाकिटाचं साल खात्रीने सांगता येत नसेल तर अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरा: दोन झिपच्या पिशव्या एकात एक, बाहेरच्या पिशवीवर इशारा, काचपेटी कुलूपबंद. छेद दाखवायचा तर रेखाचित्र काढा.

चेष्टेच्या सिगारेटींत छोटा स्फोटक दाणा असतो. जुना झाला की घासण्याने किंवा दाबानेही उडू शकतो. डबीचा फोटो मांडा आणि डबी फटाके किंवा दारूगोळा हाताळणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या. उघडून मोजत बसू नका.

होल्डरमध्ये आधी सेल्युलॉइड (जुनं, सहज पेटणारं प्लॅस्टिक) कोणता ते ओळखा. कासवाच्या पाठीसारखे किंवा हस्तिदंतासारखे दिसणारे बरेच सेल्युलॉइडचे असतात. टोक कोमट पाण्यात काही सेकंद बुडवून वास घ्या, कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. तापवलेल्या सुईची जी चाचणी सांगतात ती करू नका, तो भडकतो. सेल्युलॉइड जुना होताना आम्लाची वाफ सोडतो आणि शेजारच्या धातूला हिरवा गंज चढतो. म्हणून लायटरांबरोबर एका बंद पेटीत नको. त्याला हवा खेळती हवी, हवाबंद पिशवीही नको. बेकेलाइट आणि अंबर एवढे त्रास देत नाहीत. टार शोषणारी स्फटिकांची कांडी घालायचे होल्डर असतील तर वापरलेली कांडी फेकून द्या, टार पाझरून मांडणीच्या कापडाला लागतं.

आणि ज्याचा कोणी विचार करत नाही ते: तंबाखूचा किडा. जुन्या सिगारेटच्या कागदाला टाचणीएवढं गोल भोक आणि खाली बारीक भुसा दिसला तर तो आत आहे. प्रदर्शनाआधी सगळ्या सिगारेटी (केंट सोडून) हवाबंद पिशवीत उणे १८ ते २० अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि डाग पडतात. कॅप्सूलवाल्यांवर हे करू नका, गोठून कवच तडकतं. त्या वेगळ्या डब्यात ठेवून रोज बघा. पेटीतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा. पासष्टच्या वर बुरशी, फार खाली गेलं तर तंबाखू चुरा होऊन खिडकीतून गळतो.

कापकाम करताना हातमोजे घाला. ओल्या तंबाखूतलं निकोटीन कातडीतून आत जातं.

वस्तुरचना_टेबल४

केंटचा बेत रद्द. शेवटचा प्रश्न: फिरणारा अ‍ॅशट्रे दाबला की अर्ध्यातच अडकतो. तेल घालू का?

खडा_आणि_वात

तेल अजिबात नको. राख आणि तेल मिळून लुकण होतं आणि मग तो कायमचाच बसतो. आत पीळ दिलेली पट्टी असते. दांडा खाली गेला की त्या पिळावरून थाळी फिरते, राख कडेला फेकली जाते आणि फटीतून खालच्या भांड्यात पडते. अडकतो तो पिळावर साचलेल्या टारमुळे. दांड्याची घुंडी बहुतेक मॉडेलमध्ये उलट्या दिशेने फिरवून निघते. निघत नसेल तर जोर लावू नका, आतली पट्टी सरळ होते आणि मग थाळी फिरायचीच थांबते. पट्टी आणि थाळीचं भोक ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर घेऊन पुसा. बाहेरच्या रंगाला अल्कोहोल लागू देऊ नका, लॅकर उठतो. पूर्ण वाळल्यावर मऊ पेन्सिलचं शिसं पिळावर घासा, तेवढं वंगण पुरतं. तरीही दांडा वर यायला कुचराई करत असेल तर तळाची स्प्रिंग बसलेली आहे. ती ताणून लांब करू नका, दोन दिवसांत पुन्हा बसते. त्याच व्यासाची नवी घाला.